उकळलेले छापे

माझे लाकडी छापे गच्चीवर कडक उन्हात पडले होते. ओले, फुगलेले. फिनाइलचा भपकारा येत होता.

"अगं, कसकसले हात लागलेले असतात," काकू म्हणाल्या. "उकळत्या पाण्यात घातले. एकदम साफ झाले बघ."

कसकसले हात म्हणजे माझे. आदल्या दिवशी छापे पोचवले तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं होतं. ते ऐकलं आणि 'ये, बस'चं 'तिथंच ठेव' झालं. सांगितलं तिथं छापे ठेवून मी निघाले. त्याची आजही चीड येते.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, फ्रीगंजातलं घर. यांचे पूर्वज इथल्या मराठी संस्थानिकाच्या दरबारात कारकून. अजून सांगतात, जणू कालच दरबारातून जेवून आलेत. काका इंग्रजीचे रिटायर्ड प्रोफेसर, सगळ्यांचे 'सर'. दर महिन्याला मराठी मंडळी जमवून एक इंग्रजी शब्द सोलतात. या वेळी 'ब्लॉक'. नमुना म्हणून छपाईवाल्यांच्या भैरवगढहून मला बोलावलेलं, कापडावर वेलबुट्टी उठवायच्या लाकडी छाप्यांसकट.

मंडळी खुर्च्यांवर. मी दाराशी, सतरंजीवर.

मूळ अर्थ झाडाचा ओंडका, सर सांगू लागले. डच, फ्रेंच करत इंग्रजीत आला. त्याच ओंडक्यावर मान ठेवून मुंडकी उडवायचे. मग घरांचा ब्लॉक, तहसिलीतला ब्लॉक, मोबाइलवरचा ब्लॉक. माझा छापा त्यांनी हातात घेतला होता, तोही उलटा. "और ब्लॉकहेड," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "यानी जिसके सिर में लकड़ी भरी हो." मंडळी खो खो हसली.

माझ्याशी हिंदीत. माझा बाप अमरावतीकडून इथं रेल्वेत झाडू मारायला आला. घरात आम्ही मराठीच बोलतो. पण मराठी यांच्या खापरपणजोबांनी स्वतःच्या नावावर करून ठेवलेली.

"हां, अब छापकर दिखाओ," सर म्हणाले.

मी छापा घेतला. वेलीच्या मधोमध तडा गेला होता. छापा माझ्या उस्तादांनी कोरलेला. उस्ताद गेले. तसा बारीक हात आता भैरवगढात कोणाचा नाही.

मी उभी राहिले. मराठीत बोलले.

"सर, शिसवी लाकूड उकळत नाहीत. आम्ही ब्रशनं धुऊन सावलीत वाळवतो. तुम्ही विटाळ धुवायला गेलात आणि माझं काम फोडलंत. मी छापणार नाही."

"एवढं काय झालं? नवा बनवून घे," काकू म्हणाल्या.

सर घसा खाकरून म्हणाले, "विषय भरकटतोय."

एवढे शब्द सोललेला माणूस, आणि माफीचा एक सापडला नाही. मी छापे गाठोड्यात बांधले आणि निघाले. ऑटोत रडले. रागानं.

आता कुठूनही बोलावणं आलं की आधीच सांगते: मी खुर्चीत बसणार. छाप्याबद्दल मीच बोलणार. पटत नसेल तर दुसरं कोणी बघा. बोलावणी कमी झालीत. होऊ देत.

परवा काकूंचा निरोप आला. नातीच्या लग्नाच्या साड्या माझ्याच हातच्या हव्यात म्हणे. मी कळवलं, तुमच्या घरचं कापड माझ्या छपाईच्या टेबलावर चढणार नाही.