आईच्या दंडातलं लाल औषध
धाकटा भाऊ खाडीत बुडाला तेव्हा आईने मासळी सोडली. दिवसकार्य होईपर्यंत खाडीचं काही खायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. नंतर सगळे पुन्हा खाऊ लागले. आई लागली नाही. "ज्या पान्यानं माझा पोर नेला, त्यातलं मी खाऊ?" एवढंच म्हणाली. पेणजवळच्या आमच्या गावात शेजारीपाजारी सगळे मिठागरावर कामाला, दूधदुभतं नावालाच. जेवण म्हणजे भात आणि मासळीचं कालवण. तिच्या ताटातलं कालवण गेलं. भात, वरणाचं पाणी आणि कोरा चहा राहिला.

काही वर्षं त्याचं काही वाटलं नाही. मग तिची जीभ सोलल्यासारखी लाल झाली. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी रोह्याला राहायचे, कंपनीत नोकरीला होते. सुट्टीला गावी न्यायच्या सामानाच्या यादीत मी बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल वाढवल्या. तोंड आलं, थकवा वाटला की तेव्हा सगळेच त्या घ्यायचे. जीभ बरी झाली, चेहराही तजेलदार दिसू लागला. एक काम संपलं म्हणून मी पुढच्याला लागले.

पाय मात्र बिघडत होते. "कापसावर चालल्यागत वाटतंय गो," म्हणायची. चप्पल अंगणातच निसटायची आणि ती एका पायाने अनवाणी घरात यायची. तिला कळायचंही नाही. शेजारची काकू हसायची, "म्हातारे, एक पाय देवाला दिलास काय गो?" आईही हसायची.

एका दुपारी आईने दोन ताटं वाढली. "पोर आलाय. पाय वले हायत त्याचे, फडका दे." काकूचं हसू विरलं. भगताला बोलवा म्हणाली. मी आईलाच रोह्याला घेऊन आले. एसटीत ती रडत होती, त्याला रोह्याचा रस्ता ठाऊक नाही म्हणून. दोन-तीन दिवसांनी मी भाकरी थापत असताना मागून शांत आवाज आला, "सापडला गो त्याला रस्ता." मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही.

डॉक्टरांनी स्टीलचा थरथरणारा काटा तिच्या घोट्याला टेकवला. तिला काहीच जाणवलं नाही. मग ती काय जेवते ते त्यांनी विचारलं.

"बी-बारा कमी पडलंय," ते मला म्हणाले. "ते मासे, अंडी, दुधातून मिळतं. तुमच्या कॅप्सूलमध्ये ते जेमतेम. त्यातल्या बाकीच्या जीवनसत्त्वांनी रक्त सुधारलं, म्हणून बरं दिसलं. नसा आतून खराब होत राहिल्या. भासही त्यातलेच. इंजेक्शन थांबवलं तर पाय जातील."

ते औषध लाल होतं. मी त्याचे वार ठरवले आणि एकही चुकू दिला नाही. हळूहळू चप्पल पायात राहू लागली. दुसरं ताट बंद झालं.

एकदा दवाखान्यात निघायच्या वेळी ती दंडावर पदर ओढून बसली.

"आता येत नाय तो."

"आये, तो येत नव्हताच."

"व्हय, तू मोठी डाक्टरीन. सुई बंद कर."

"पाय जातील तुझे."

"जाऊंदेत. मना कुठं जायचंय? चालत तो यायचा."

रिक्षा दारात उभी होती. मी ती परत पाठवली आणि तिच्याजवळ बसले.

"काय बोलायचा गं तो?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती बोलत सुटली. भूक लागली म्हणायचा, आईच्या हातची चटणी मागायचा. "आन तुझं इचारायचा. ताय कवा येल?"

"मग तू काय सांगायचीस?"

"ऐतवारी येल म्हनायची."

दुसऱ्या दिवशी ती आपणहून दवाखान्यात आली आणि दंड पुढे केला. शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी चालली. मासळी खाल्ली नाही आणि त्याचा विषयही पुन्हा काढला नाही.

बाजार, बँक, दळण, सगळं मी शनिवारी उरकते. रविवारी कुणी कुठेही बोलावलं तरी मी घरीच असते.