छज्ज्याखालची खुर्ची

संबोधी सोनोने इंजिनिअरच्या लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती, आणि ही बातमी 'आनंदछाया' मल्टीत कचऱ्याच्या गाडीपेक्षाही नियमितपणे फिरत असे. तीन मजल्यांच्या त्या इमारतीत जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आधी 'कशी आहेस' विचारी आणि लगेच 'इस बार तो निकल जाएगी ना?' हेही विचारी. सांवेर रोडवर ती कारखान्यांच्या शेडी उभ्या करायची. खड्ड्यापासून पत्र्यापर्यंत सगळं तिच्या देखरेखीखाली व्हायचं, पण नकाशावर सही मात्र दुसऱ्याची. सहीला लायसन्स लागतं, लायसन्सला परीक्षा लागते, आणि परीक्षेला, तिचे वडील म्हणत तसं, सोनोने घराण्याचं काहीतरी वावडं होतं.

"तुझे आजोबा महूला फौजेत होते," शंकरराव सांगायचे. "त्यांनी तीन परीक्षा दिल्या. तिन्हींत नापास. मग लढाईत गेले आणि मेडल घेऊन आले. म्हणजे आपल्याकडे प्रॅक्टिकल चांगलं आहे, थिअरी कच्ची."

पहिल्या खेपेला संबोधी नापास झाली ती एका छज्ज्याने. भिंतीतून नुसताच पुढे आलेला, खाली खांब नसलेला छज्जा. त्यात सळ्या कुठे घालाल, असा प्रश्न होता. घाईत तिने तळाला काढल्या. एवढी मोठी इंजिनिअर, आणि चूक अशी, की सेंटरिंगवालाही हसेल. हात पुढे करून भरलेली बादली धरून बघा, ओढ खांद्याच्या वरच्या बाजूला बसते. म्हणून छज्ज्यात सळ्या वर हव्यात. तळाला असल्या तर त्या नसल्यासारख्याच. हे ती पुन्हा विसरली नाही. दुसऱ्या खेपेला नापास झाली ती दुसऱ्याच कशाने तरी, पण छज्जा मात्र तिच्या डोक्यात कायमचा जाऊन बसला.

तिसऱ्या खेपेचा अभ्यास ती पहाटे करायची, बैठकीत, एका फोटोखाली. हा फोटो मल्टीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात होता. वीसेक वर्षांपूर्वी स्लॅब ओतायचा होता त्या दिवसाचा. फ्लॅट घेणाऱ्या सगळ्यांना बिल्डरने बोलावलं होतं, नारळ फुटला होता, पोहे-जलेबी वाटली होती, आणि काँक्रीट ओतायच्या आधी सगळ्यांनी पुढच्या छज्ज्याच्या सळ्यांच्या जाळीवर उभं राहून फोटो काढला होता. 'आपल्या घराचा पाया' असं त्याखाली कोणीतरी लिहिलंही होतं. पाया पहिल्या मजल्यावर कसा, हे विचारण्याची त्या दिवशी कोणाची मनःस्थिती नव्हती. पुढच्या रांगेत फ्रॉक घातलेली संबोधी. तिच्यामागे शंकरराव, मजबुती तपासायला उडी मारताना. फोटोत त्यांचे दोन्ही पाय हवेत आहेत.

हा फोटो तिने आयुष्यभर बघितला होता. त्या पहाटे मात्र पुस्तकातली ओळ वाचून तिने मान वर केली. ओळ अशी होती, की काँक्रीट ओतायच्या आधी छज्ज्याच्या वरच्या सळ्यांवर माणसं चालली तर त्या दबून तळाला जातात. असा छज्जा वर्षानुवर्षं टिकतो आणि मग इशारा न देता जातो.

फोटोत पंचवीस माणसं हसत होती. काही जाडजूड होती.

"पप्पा," तिने हाक मारली, "फोटो काढल्यावर त्या सळ्या कोणी परत वर उचलल्या होत्या का?"

"कोण उचलणार? सगळे जलेबी खात होते," शंकरराव आतून म्हणाले.

आता या छज्ज्याची गंमत अशी, की तो मल्टीच्या मुख्य दारावर होता आणि त्याच्या सावलीत शंकररावांची खुर्ची होती. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी प्लास्टिकची खुर्ची, पेपर आणि चष्मा घेऊन तिथे बसत ते जेवणाच्या हाकेपर्यंत. येणाऱ्याची चौकशी, जाणाऱ्याला सल्ला. संबोधीच्या दिवंगत आईने या खुर्चीला 'चौकी' असं नाव ठेवलं होतं.

आणि छज्ज्याच्या वर गेल्या दिवाळीपासून बाग होती.

बाग नीरजाजींची. नीरजा कानिटकर म्हणजे मल्टीच्या अध्यक्षा. बिनविरोध निवडून आलेल्या, कारण त्यांच्याविरुद्ध उभं राहायला लागणारी छाती मल्टीत कोणाकडेच नव्हती. शहराचा स्वच्छतेतला नंबर आपल्या एकटीच्या झाडूमुळे येतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. यंदा वॉर्डात 'हरित मल्टी' स्पर्धा होती, म्हणून त्यांनी ओल्या कचऱ्याचं खत करून निळ्या पिंपांत माती भरली, आणि रस्त्यावरून दिसावी म्हणून ती सगळी पिंपं छज्ज्याच्या अगदी कडेला ओळीने मांडली. टोमॅटो, पुदिना, झेंडू. रोज दोनदा पाइपने पाणी.

संबोधी छज्ज्यावर गेली तेव्हा नीरजाजी पुदिन्याशी बोलत होत्या.

"नीरजाजी, ही पिंपं भिंतीकडे घ्या. खरं तर खालीच उतरवा. ओली माती फार जड असते. छज्ज्याला झेपणार नाही."

"अरे बेटा, वीस साल झाले, याला काही झालं नाही."

"म्हणूनच भीती वाटते. फोटोच्या दिवशी आपण सगळे सळ्यांवर उभे होतो, त्या तळाला दबल्या असणार."

"बघ, टेन्शन मत ले," नीरजाजींनी तिच्या हातात पुदिन्याची जुडी ठेवली. "परीक्षा जवळ आली की असं होतंच. आमचा जयेश सीए करत होता ना, तेव्हा त्याला दुधाच्या हिशोबातसुद्धा घोटाळा दिसायचा. तू पहले पास हो जा. मग लायसन्स दाखव, मी एक-एक पिंप स्वतः उतरवीन. प्रॉमिस."

हे वाक्य मल्टीभर झालं. पास हो, मग सांग. जणू छज्जाही निकालाची वाट बघणार होता.

जिन्याच्या खिडकीतून छज्ज्याची बाजू दिसायची, जिथे तो भिंतीला मिळतो तिथे. तिथे वरच्या अंगाला केसाएवढी भेग होती. जुनी असेल, नुसती प्लॅस्टरची असेल. भेग जिवंत आहे की मेलेली, हे ओळखायची एक साधी रीत आहे: तिच्यावर काचेची पट्टी चिकटवायची. भेग हलली तर काच तडकते. काचेसाठी संबोधीने स्वतःच्या डिग्रीची फ्रेम उतरवली.

"वा," शंकरराव म्हणाले, "डिग्रीचा पहिला उपयोग झाला."

"पप्पा, तुम्ही खुर्ची निंबाखाली टाका ना. हात जोडते."

"निंबाखाली कावळे. शिवाय मी उठलो की लोक म्हणतील, सोनोनेची पोरगी पागल झाली आणि बाप तिला घाबरतो. तू पास हो, मी उठतो."

"तुम्हीसुद्धा?"

"मी काय मल्टीच्या बाहेरचा आहे?"

त्यानंतरच्या पहाटा विचित्र गेल्या. पुस्तक उघडावं तर प्रत्येक धड्यात तोच छज्जा. मातीचं वजन काढायचं गणित आलं की आकडे आपोआप निळ्या पिंपांचे होत. छज्ज्यावरून पाइपच्या पाण्याचा आवाज येई. खाली शंकरराव पेपर उलटत. एके दिवशी त्यांनी पेपर झटकला तेव्हा त्यातून पांढरी भुकटी पडली. "कबुतरं," ते म्हणाले. संबोधीने बोटांवर चोळून बघितली. कबुतरं चुना घालत नाहीत.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती हॉल तिकीट घेऊन जिना उतरली आणि खिडकीपाशी थबकली.

भेगेवरची काच दुभंगली होती. अगदी स्वच्छ, मधोमध, कोणी हलक्या हाताने मोडल्यासारखी.

खाली रांगोळी चालली होती. संध्याकाळी पाच वाजता स्पर्धेचे परीक्षक येणार होते, बागेखाली सगळ्या मल्टीचा ग्रुप फोटो ठरला होता. आणि छज्ज्याखाली नेहमीच्या जागी, पाय पसरून, चौकीवर शंकरराव.

संबोधीने साइटवरच्या शटरिंगवाल्याला फोन लावला. "बाबूरावभिया, लोखंडी जॅक किती मोकळे आहेत?"

"चारच आहेत, मॅडम. बाकी सगळे शेडखाली लागलेले. पण आज तुमचा पेपर ना?"

"चार घेऊन या. आत्ता."

बाबूराव टेम्पो घेऊन आले. वर बघून त्यांनी नुसती टोपी काढली आणि पुन्हा घातली. बाजूने वाकून, आत फारसं न शिरता, त्यांनी आणि संबोधीने छज्ज्याच्या कडेखाली ते चार जॅक टेक्यांसारखे उभे केले आणि त्यांचे आटे फिरवायला घेतले. शंकररावांना तिने खुर्चीसकट अंगणात आणून ठेवलं होतं. परीक्षेच्या दिवशी पोरीशी वाद नको म्हणून ते आले होते.

नीरजाजी आल्या त्या रांगोळीच्या हातांनीच. "हे काय लावलंय? संबोधी! माझ्या एन्ट्रीवर पाइप? आज? बाबूराव, काढा हे. लायसन्सवाला कोण आहे इथे? कोणाच्या सहीने लावले?"

बाबूरावांचा हात आट्यावर थांबला. सहीचा प्रश्न निघाला की या धंद्यातला भलाभला माणूस थांबतो.

आणि मग शंकररावांनी ते केलं, जे फक्त शंकररावच करू शकतात. दोन महिने पोरीची टिंगल करणारा हा माणूस तिला चार लोकांसमोर कोणी बोललं म्हणून उठला, खुर्ची उचलली आणि थेट छज्ज्याखाली, टेक्यांच्या मधोमध जाऊन बसला.

"माझ्या पोरीने लावलेत," ते गरजले. "काढायचे असतील तर आधी मला उचला! महूच्या हवालदाराचा मुलगा आहे मी!"

"पप्पा, बाहेर या!" संबोधी किंचाळली.

"पहारा सोडणार नाही!"

"अहो, तुमच्याच डोक्यावर पडेल तो!"

"म्हणजे तुझे टेके कच्चे आहेत?"

टेके अजून पुरते आवळलेलेच नव्हते. "पप्पा, उठा, मग मी पेपरला जाते."

"तू पेपरला जा, मग मी उठतो. उशीर होतोय तुला."

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. दोघांच्याही जिवणीची ठेवण एकच होती, आजोबांची. तेवढ्यात वरून आवाज आला.

मोठा नव्हता. वाळलेली काटकी गुडघ्यावर मोडावी तेवढाच. मग शंकररावांच्या उघड्या पेपरवर पांढरी भुकटी पडू लागली, बारीक, सलग, पिठाच्या चाळणीतून पडावी तशी.

शंकररावांनी पेपरकडे पाहिलं. "कबुतरं नाहीत," ते हळूच म्हणाले.

संबोधीने त्यांचा दंड धरून ओढलं. खुर्ची तिथेच राहिली. छज्जा बोटभर खाली आला, बाबूरावांच्या जॅकवर टेकला, जॅक कण्हले. आणि सगळं थांबलं. वरून एक टोमॅटो घरंगळला आणि रांगोळीत पडला.

बाबूरावांनी बाहेरूनच, लांब पान्याने, आटे पुरते आवळले. नीरजाजींनी हातांवरची रांगोळी पदराला पुसली. "उतरवते," त्या म्हणाल्या. "सगळी पिंपं काढते तिथून. तू जा बेटा, तू आधी पेपरला जा."

संबोधी गेली. शंकरराव स्कूटरवर मागे बसले, कारण आता तिला एकटं सोडायला ते तयार नव्हते. तुकोगंजातल्या सेंटरचं फाटक बंद झालं होतं. गार्डने तिच्या केसांतला चुना पाहिला, शंकररावांचा चेहरा पाहिला आणि मान हलवली. "अगली बार, मॅडम."

"तिसरी," संबोधी म्हणाली.

"आजोबांच्याही तीनच," शंकरराव म्हणाले. त्यांना हसायचं होतं, पण जमलं नाही. मग दोघांनी कोपऱ्यावर पोहे खाल्ले. जलेबी शंकररावांनी मागवली आणि तशीच ठेवली.

परतले तेव्हा दुपार कलली होती. पुढचा छज्जा रिकामा, चार टेक्यांवर उभा. नीरजाजी दारातच भेटल्या. हात चिखलाने माखलेले, चेहरा उजळलेला. घाबरल्या होत्या, पण हरल्या नव्हत्या.

"बघ, तुझं ऐकलं! सगळ्यांनी मिळून एक-एक पिंप उचललं. एकही रोप मेलं नाही."

"कुठे ठेवलीत?"

"मागच्या छज्ज्यावर. अगदी असाच आहे ना तो. काही घाबरू नको, तिथे नव्हता काढला आपण फोटो. मी अल्बम बघून खात्री केली. आता पाच वाजता ग्रुप फोटो तिथेच खाली घेऊ."

संबोधीने वडिलांकडे पाहिलं. शंकरराव भिंतीकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता, एखादी जुनी चव जिभेवर परत यावी तसा.

"पप्पा? मागे काय होतं त्या दिवशी?"

"फोटो नव्हता काढला," ते म्हणाले. "मागे सावली होती. म्हणून पोह्यांची पंगत तिथे बसली होती. सगळ्या मल्टीची. सळ्यांवरच."

संबोधीने बाबूरावांना फोन लावला. जॅक नव्हते. पुढचे चार काढता येणार नव्हते. नीरजाजी काहीतरी म्हणत होत्या, 'पण आता परीक्षक...' असं काहीतरी.

शंकररावांनी वाकून पुढच्या छज्ज्याखालून खुर्ची ओढून काढली, तिच्यावरची भुकटी झटकली आणि ती घेऊन मल्टीला वळसा घालून मागे गेले. या वेळी त्यांनी ती सावलीत ठेवली नाही. छज्ज्यापासून चांगली लांब, भर उन्हात, त्याच्याकडे तोंड करून ठेवली आणि बसले. फोटोसाठी नटून आलेली माणसं एकेक करून जमायला लागली. शंकरराव हात आडवा करून प्रत्येकाला अडवत होते, आणि माणसं हसत होती.

वर पिंपांवर कोणीतरी पाइपचा नळ सोडला.