कोटाची धुलाई

भाऊंची लाँड्री सगळ्या गल्लीला माहीत. गिऱ्हाइकाच्या खिशात काहीही सापडू दे, पेन, चिल्लर, बसचं तिकीट, भाऊ ते पाकिटात घालून कपड्याला टाचणीनं लावून द्यायचे. वहिनी चिडवायच्या, "तिकीटसुद्धा? त्याचं काय लोणचं घालणारेत का ते?"

दुकान भाड्याचं. मालकानं विकायला काढलं. म्हणाला, भाऊ, पहिला हक्क तुमचा, पण महिनाअखेरपर्यंत पैसे बँकेतून द्या. भाऊंची जन्माची कमाई घरात डब्यात, सगळी रोख. ती खात्यात भरायची, एवढंच काम होतं बघा.

तर शेजारचा चपलावाला म्हणाला, "एकदम भरू नका हो. मोठी रक्कम दिसली की बँक वर सरकारला कळवते. मग बसा चकरा मारत."

भाऊंनी ते मनावरच घेतलं. मग थोडे थोडे भरत सुटले. आज या शाखेत, उद्या त्या.

वहिनी म्हणाल्या, "अहो, आपलेच पैसे ना? मग चोरासारखं कशाला?"

"तू गप बस. मला कळतं."

कसलं काय, खातंच अडकलं. बँकेचे साहेब भाऊंचंच गिऱ्हाईक. भाऊ त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "साहेब, तुम्ही तर मला ओळखता."

"ओळखतो हो भाऊ. एकदम भरले असते तर आम्ही नुसतं कळवलं असतं. कमाई कुठली ते तुम्ही सांगितलं की विषय संपला. पण कळवायला लागू नये म्हणून तुकडे केले, की त्याचाच संशय घेतात. आता चौकशी होईपर्यंत माझ्या हातात काही नाही."

भाऊंनी पावत्या दिल्या, सगळं दिलं. महिना संपला. मालक बिचारा थोडा थांबला, मग दुकान दुसऱ्याला दिलं.

भाऊ घरी बसले. समोरचा चहा गार व्हायचा. हात मात्र चालू, स्वतःच्याच सदऱ्याचे खिसे चाचपत राहायचे. एका सकाळी उठलेच नाहीत.

दुकान रिकामं करताना राहिलेले कपडे घरी आणलेले, त्यात साहेबांचा कोट होता. वहिनी तो घेऊन बँकेत गेल्या. साहेब खुर्चीतून उठले.

"वहिनी, चौकशी संपली. भाऊंचं काही वावगं निघालं नाही. खातं मोकळं झालंय."

वहिनींनी कोट टेबलावर ठेवला. टाचणीला पाकीट, पाकिटात साहेबांचं पेन.

"कोटाची धुलाई तेवढी द्या," वहिनी म्हणाल्या. "रोख द्या."