पाठीचं माप

नवा ब्लाउज पाठीत काचत होता आणि पुढे मात्र ढगळ पडत होता. सुमनताई कित्येक वर्षं माझे ब्लाउज शिवतात, तरी मला संशय आलाच. कापताना चुकलं असेल आणि सांगायचं टाळलं असेल. मी तो ब्लाउज घालूनच तडक त्यांच्या दुकानात गेले.

"माप चुकलंय तुमचं."

त्यांनी टेप लावली, मापांची जुनी वही पाहिली. "ताई, पाठ रुंद झालीय तुमची. दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकून बसता ना? खांद्यांच्या मधोमध दुखत असेल."

दुखत होतं, पण मी ते घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. तरी वाटलं, चूक झाकायला सुमनताई सगळ्यांना असंच सांगत असतील.

घरी आरशापुढे एका अंगाने उभी राहिले. खांदे पुढे झुकलेले, मान बाहेर आलेली. खांदे मागे घेतले, तर ब्लाउज निमूट अंगावर बसला. सैल सोडले, की पुन्हा काचला. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही. म्हणून तर संशय घ्यायला आपण आधी दुसरं माणूस शोधतो.

दुसऱ्या दिवशी चूक कबूल करायला गेले. सुमनताई मशीनवर वाकल्या होत्या, अगदी माझ्यासारख्याच. मी त्यांच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

वर न बघता त्या म्हणाल्या, "जरा वर दाबा. माझंही तिथेच दुखतं."