जिभेखालची गोळी

"स्वेटर काढ."

मे महिना. जळगावचं ऊन. वॉर्डातले पंखे गरम वारा फेकत होते आणि मी पांढऱ्या साडीवर पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून उभी. समोर मोठे डॉक्टर, मेट्रन, दोन आया. पेशंटचे नातेवाईकही मान उंचावून बघत होते. आत खोलीत नेऊन बघा, असं मी म्हटलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "आता लाज वाटते? काढ." मी काढला. दोन्ही हातांवर काळ्यानिळ्या खुणा. एका दंडावर पिकलेली गाठ. ते मेट्रनकडे वळून म्हणाले, "यांच्या वस्तीत दारू, यांच्या रक्तात दारू. पांढरी साडी नेसवली म्हणून काय होतं?"

मी आमच्या वस्तीतली पहिली नर्स. अमळनेरकडच्या आमच्या गावात आईने लोकांच्या शेतात कापूस वेचून मला शिकवलं. ती तिथं नव्हती, तरी ते वाक्य माझ्याआधी तिला लागलं.

खोटं सांगणार नाही. मी दवाखान्यातलं पेथिडीन, दुखणं मारणारं नशेचं इंजेक्शन, चोरत होते.

सुरुवात मुतखड्याने झाली. आमच्याकडे तो घरोघरी. एकदा ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी कळ आली आणि मी खाली बसले. बदली नर्स नव्हती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः इंजेक्शन दिलं. "घ्या सिस्टर, अर्ध्या तासात उभ्या राहाल." राहिले. कळ गेली, थकवा गेला, नवऱ्याने टाकल्याचं दुःखसुद्धा गेलं. पुढे खडा पडला, सुई राहिली. ते डॉक्टरही घ्यायचे. आम्हाला एकमेकांचं ठाऊक होतं. बोललो कधीच नाही.

मग चोपड्याकडची एक म्हातारी भाजून आली. तिच्या नावाचं इंजेक्शन मी घेतलं आणि तिला नुसतं पाणी टोचलं. एकदा नाही, तीन दिवस. ती म्हणायची, "बाई, सुई टोची तरी बठ्ठं आंग दुखी ऱ्हायनं." मी म्हणायचे, "थांबेल, आजी." चौथ्या दिवशी ती गेली. वाचणार नव्हतीच, असं सगळे म्हणाले. पण दुखत दुखत गेली, ती माझ्यामुळे.

स्वेटर उतरला त्याच दिवशी मला काढून टाकलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना पाठीच्या दुखण्याचं निमित्त करून मुंबईला उपचाराला पाठवलं. ते दवाखान्याच्या अध्यक्षांचे जावई. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

सुई बंद झाली आणि घरी माझे हाल झाले. उलट्या, जुलाब, पाय आतून ओढल्यासारखे. आईने मला एसटीत घालून धुळ्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "बसा, सिस्टर." ती हाक ऐकून मी तिथंच रडले. त्यांनी सुईची ओढ थांबवणारी गोळी दिली. जिभेखाली ठेवायची. विरघळेपर्यंत गिळायची नाही, बोलायचं नाही. रोज. किती दिवस, ते शरीर ठरवील म्हणाले. चौथ्या दिवशी मी भाकरी खाल्ली.

भाऊ म्हणाला, एक नशा सोडून दुसरी धरली. मलाही ते खरं वाटलं. गोळी बंद केली. अकराव्या दिवशी मी एका दवाखान्याच्या मागच्या दाराशी सुई मागत उभी होते. आईने दंडाला धरून घरी आणलं आणि गोळी हातावर ठेवली. "लोकेस्ले काय म्हननं ते म्हनू दे. गोयी ले, पोरी. माले तू जित्ती पाहिजे."

वर्षाने जळगावहून बोलावणं आलं. ऑपरेशनला हाताशी नर्स मिळत नव्हती. मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर कागद तयार होता. त्यावर लिहिलेलं: मी नशेचं किंवा नशेवरचं कोणतंही औषध घेत नाही. खाली सही करायची, सोमवारपासून कामावर. मी म्हटलं, मी धुळ्याच्या डॉक्टरांची गोळी घेते. ते म्हणाले, "ती पण नशाच. बंद कर, मग ये."

आई अजून कापूस वेचत होती. ती नोकरी मला हवी होती, फार हवी होती.

बाजूच्या खुर्चीत भूल देणारे डॉक्टर बसले होते. आपल्या जुन्या जागेवर परत आलेले. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "तुमचं काय मत?" त्यांनी एक बोट वर केलं. थांबा. ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी खाली. मी ओळखलं. त्यांच्या जिभेखाली तीच गोळी होती. मला वाटलं, आता हा माणूस माझ्यासाठी एक वाक्य बोलेल. मी वाट पाहिली. त्यांनी रुमालाने ओठ पुसले आणि म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा हवा."

तोंडाशी आलं होतं. पण त्यांचा स्वेटर मी चारचौघांत काढायचा? तो मोठ्या डॉक्टरांचा धंदा, माझा नाही. मी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर म्हातारीचं नाव लिहिलं, मी तिला काय टोचलं ते लिहिलं आणि सही केली. "हा माझा गुन्हा. याची काय ती शिक्षा द्या. औषध घेणं हा गुन्हा नाही. त्यावर सही होणार नाही."

मोठ्या डॉक्टरांनी वाचलं आणि कागद फाडला. दवाखान्याचं नाव जाईल म्हणाले. त्यांना माझा गुन्हा नको होता, माझी लाज हवी होती. "तुला कुठंच नोकरी मिळणार नाही, समजलं?"

मी पिशवीतून गोळी काढून जिभेखाली ठेवली. त्यांनी पुन्हा विचारलं, समजलं का. मी एक बोट वर केलं. थांबा. भूल देणारे डॉक्टर जमिनीकडे बघत राहिले. गोळी विरघळेपर्यंत मी त्या खुर्चीतून उठले नाही.

नोकरी मिळाली नाही. धुळ्यात घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करते. आई गेली. शेवटी तिला खूप दुखलं, आणि तिला टोचलेल्या प्रत्येक सुईला मला ती म्हातारी आठवली. ते जाणार नाही. जाऊही नये.

गोळी रोज घेते. पोलकं अर्ध्या बाह्यांचंच शिवते. खुणा कसल्या, म्हणून कुणी विचारलं तर आधी म्हातारीचं सांगते, मग गोळीचं. कागद फाडता येतो. मला गप्प करता येणार नाही.