बाईंनी लांबवलेला दुसरा भाग

३ मे. वर्षभराच्या चटणीसाठी दोन किलो लसूण सोलायचा आहे आणि हात एकटीचेच आहेत.

रक्त पिणाऱ्या माणसावर एवढी माया करणारी बाई साऱ्या गारखेड्यात एकच होती, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी. गंगापूरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला, म्हणून सगळ्यांच्या 'बाई'. नकाशात नसलेल्या गावावर कधी विश्वास न ठेवणाऱ्या बाईंना साठीनंतर एका अनुवादित कादंबरीतला तीनशे वर्षांचा, गोरापान व्हॅम्पायर सरदार भेटला आणि त्या त्याच्याच होऊन गेल्या. "बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही बघ," त्या कौतुकानं सांगायच्या. "नाहीतर आमचे पाहुणे! चपला काढायच्या आधी ताट मागतात." आरशात त्याचं प्रतिबिंब पडत नाही हे कळल्यापासून भांग पाडताना दरवेळी त्याच्यासाठी हळहळायच्या. त्याला लसणाचं वावडं. दुपारी मी लसूण सोलायचे, त्या मोठ्यानं वाचायच्या, आणि तो कथेत आला की थांबून म्हणायच्या, "झाक गं ती परात. आलाय तो." मी झाकायचे. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

पहिला भाग आठ दिवसांत संपला. तो कुणाच्या मानेशी वाकला की माझ्या हातातली पाकळीसुद्धा तशीच राहायची. दुसऱ्या भागात त्याचं प्रेम जमलं आणि पंचाईत झाली. पानंच्या पानं उसासे. शिवाय ज्याला मरण नाही, त्याची काळजी तरी किती करायची?

"सरदाराचा पार घरजावई झाला," मी म्हणाले.

"असू दे की. एकदाचा सुखात आहे बिचारा," म्हणून बाईंनी मागचं पान पुन्हा वाचायला घेतलं. प्रश्न एकच उरला होता: नायिका त्याच्यासारखी अमर होऊन म्हाताऱ्या आईचं घर कायमचं सोडणार का?

बाईंचा मुलगा दर रविवारी पुण्याहून विचारायचा, "आई, कधी येतेस? खोली तयार आहे." उत्तर ठरलेलं. "हिला पुस्तक वाचून दाखवतेय. अर्धवट टाकून कशी येऊ? संपलं की येते." मला वाटलं, बाई खरंच अडकून पडल्यात. कामं उरकण्याची माझी सवय. एका रविवारी सकाळी पुस्तक खाली आणलं, उरलेली नव्वद पानं कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचली आणि दुपारी लसूण सोलता सोलता सांगून टाकलं: पोरगी जाते, आई दार लावून घेते, संपलं. तेवढ्यात मुलाचा फोन आला. स्पीकर चालूच होता. मीच म्हणाले, "अरे, बाईंचं पुस्तक संपलं बरं का!"

फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "लई झपाट्याची आहेस तू."

पुढच्या रविवारी गाडी आली. पुस्तक त्या माझ्याकडेच ठेवून गेल्या. त्या थांबल्या होत्या त्या पानात लसणाचं साल होतं, खुणेला.

आज परात उघडीच आहे. दुपारभर बसूनही अर्ध्या किलोच्या वर सोलून झाला नाही.

४ मे. सकाळी कणीक भिजवून ठेवली आणि पुण्याला फोन लावला.

"बाई, बसा. दुसरा भाग, पान पहिलं."

"अगं, वाचलाय ना तो."

"तुम्ही वाचलाय. मी उरकलाय."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सावकाश वाच," बाई म्हणाल्या. "आणि परात झाक."