झाकण उघडतंय कधी?

"सिद्ध झालं, सर! फिरत्या बास्केटवर झाकण उघडणं अशक्य." शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात मी कागद नाचवत म्हणाले. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट.

साखर कारखान्यात सेंट्रिफ्यूगल मशीन असतं. त्यातली जाळीची बास्केट गरगर फिरते, मळी बाहेर जाते, साखर आत राहते. ती झाकण उघडून काढतात. आदल्या हंगामात बास्केट फिरत असताना झाकण उघडलं आणि एका कामगाराचा हात गेला. म्हणून झाकण कधी उघडायचं ते ठरवणारा आमचा कंट्रोलरचा डबा बसणार होता. प्रोग्रॅमने काय करायचं ते मी गणिती भाषेत लिहिलं होतं. तिला स्पेसिफिकेशन लँग्वेज म्हणतात. तिच्यात प्रत्येक चिन्हाचा अर्थ पक्का ठरलेला असतो, म्हणून प्रोग्रॅम अटी पाळतो हे प्रमेयासारखं सिद्ध करता येतं. मला त्याचा भारी गर्व होता.

"उद्याच बसवू," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी कारखान्यात गेलो. मशीनवर मल्लाप्पा आण्णा होते. वीस हंगाम तिथंच काढलेला माणूस. त्यांना मी अटी मराठीत वाचून दाखवल्या. बास्केट थांबलेली असेल आणि ब्रेक सुटलेला असेल, तरच झाकण उघडेल. ब्रेकची अट मीच जादा काळजी म्हणून घातली होती.

आण्णांनी टोपी सारखी केली. "समदं बरं हाय, मॅडम. पण झाकण उघडतंय कधी?"

"बास्केट थांबली की."

"ती ब्रेकवरच थांबती. ब्रेक सुटतोय तो पुन्हा फिरायलाच. मग झाकण उघडायचंच न्हाय की!"

मी कागद पुन्हा पाहिला. दोन्ही अटी एका वेळी कधीच खऱ्या होणार नव्हत्या. कधीच न उघडणारं झाकण फिरत्या बास्केटवर तरी कसं उघडेल? सिद्धता चोख होती आणि फुकट होती.

"असू दे. धोका तर नाही ना?" सर म्हणाले.

"न्हाय कसा, सायेब? साखर आत अडकल्यावर गडी गप बसतील व्हय? वायर जोडून तुमचा डबाच बाजूला करतील. मग परत कुणाचा तरी हात."

माझ्या चार महिन्यांच्या कामात नसलेला प्रश्न त्यांनी पाच मिनिटांत विचारला होता. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

ब्रेकची अट काढली. थांबणं शाफ्टवरच्या सेन्सरने मोजायचं ठरलं. झाकण उघडेल अशी निदान एक वेळ येते, हे या खेपेला आधी सिद्ध केलं.

ट्रायलला बास्केट फिरत असताना आण्णांनी तीनदा बटण दाबलं. झाकण हललं नाही. बास्केट थांबल्यावर चौथ्यांदा दाबलं, उघडलं. त्यांनी आतली मूठभर साखर काढून माझ्या हातावर ठेवली. "आता झालं तुमचं सिद्ध."

यंत्र काय करणार नाही हे सांगण्याआधी ते काम तरी करतं का, हे मी तेव्हापासून बघते. कामच न करणारं यंत्र कागदावर सगळ्यात सुरक्षित असतं.